घरच्या नेटवर्कवर ड्राइव्ह शेअर करताय? या चुका टाळा

घरात दोन-तीन कॉम्प्युटर झाले की एकाची ड्राइव्ह दुसऱ्यावर उघडायची वेळ येतेच. बाहेरच्या खोलीतल्या डेस्कटॉपवर हिशेब आणि फोटो, आत मुलांचा लॅपटॉप. मुंबईतल्या घरात या दोघांमधलं अंतर ते किती, तरी माणसं पेनड्राइव्ह घेऊन फेऱ्या मारतात, कारण शेअरिंग ‘चालत नाही’. दादरपासून मुलुंडपर्यंत लोकांच्या घरी जाऊन ही कामं करताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शेअरिंग आपणहून क्वचितच बिघडतं. कुणीतरी व्हिडिओ बघून घाईघाईत सगळं उघडं टाकलेलं असतं, आणि खरी अडचण जिथे होती तिथेच असते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मेसेज न वाचता सेटिंग बदलायला घेणं

कोणाकडेही गेलो की मी आधी विचारतो, स्क्रीनवर नेमकं काय आलं? बहुतेकांचं उत्तर असतं, ‘काहीतरी एरर आला, मी बंद केला.’ असं करू नका. त्या मेसेजमध्येच अर्धं उत्तर असतं. ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असं म्हणत असेल, तर दुसरा कॉम्प्युटर गाठताच येत नाहीये. तिथे परवानग्यांना हात लावायचं काही कारण नाही. यूजरनेम आणि पासवर्ड पुन्हा पुन्हा मागत असेल, तर कॉम्प्युटर सापडलाय, पण तुमची ओळख पटत नाहीये. आणि ‘परमिशन नाही’, ‘ॲक्सेस डिनाइड’ असं आलं, तर ओळखही बहुधा पटलेली आहे, फक्त त्या फोल्डरवर तुम्हाला हक्क दिलेला नाही. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. मी मेसेजचा मोबाइलवर फोटो काढायला सांगतो आणि तो बघितल्याशिवाय माउसला हात लावत नाही.

‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’

येईल त्या सगळ्यांना (‘एव्हरीवन’) सगळे हक्क (‘फुल कंट्रोल’) देऊन टाकणं, ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. आधी मुळात काय होतं ते सांगतो. विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डरवर परवानग्यांचे दोन थर असतात. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये दोन्ही दिसतात: एक शेअरिंग टॅबमधला, दुसरा सिक्युरिटी टॅबमधला. शेअरिंगची परवानगी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आणि सिक्युरिटीची म्हणजे फ्लॅटचं दार. वॉचमनने आत सोडलं म्हणून कुणी तुमच्या स्वयंपाकघरात पोचत नाही. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही थर लागू होतात आणि त्यातली जी परवानगी जास्त कडक, तीच चालते. त्याच कॉम्प्युटरवर बसून फोल्डर उघडला, तर शेअरिंगचा थर मध्ये येतच नाही. म्हणूनच ‘माझ्या मशीनवर तर उघडतंय’ या वाक्यातून काहीही सिद्ध होत नाही.

आता गंमत नाही, रोजचा अनुभव सांगतो. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मधून फोल्डर शेअर केला की तिथे आपोआप एव्हरीवनला फक्त ‘रीड’, म्हणजे वाचण्यापुरता हक्क, मिळतं. लॅपटॉपवरून फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही. माणूस सिक्युरिटी टॅबमध्ये जाऊन स्वतःला सगळे हक्क देतो, तरी सेव्ह होत नाही, कारण अडलंय शेअरिंगच्या ‘रीड’वर. मग तो वैतागतो आणि दोन्हीकडे एव्हरीवनला फुल कंट्रोल देतो. वर पासवर्डचं संरक्षणही बंद करतो. फाइल सेव्ह होते आणि त्याला वाटतं काम झालं.

मुलुंडच्या एका घरी याचं काय झालं ते ऐका. नवराबायको दोघं घरूनच लोकांचे आयकर आणि जीएसटीचे हिशेब करतात. इंटरनेट जोडायला आलेल्या मुलाने जाता जाता डेस्कटॉपची अख्खी डी ड्राइव्ह शेअर करून दिली. एव्हरीवन, फुल कंट्रोल, पासवर्ड नाही. मुलीच्या लॅपटॉपवर ती झेड ड्राइव्ह म्हणून जोडली. कित्येक महिने सगळं सुरळीत होतं. जुलै अखेरीस, रिटर्न भरायची धांदल चाललेली असताना, मुलीने लॅपटॉपवर ‘धिस पीसी’ उघडलं. झेडखालची पट्टी लाल झालेली. तिला वाटलं आपला लॅपटॉप भरलाय. खरं तर ती पट्टी डेस्कटॉपच्या डिस्कची होती. तिने जुन्या सालांची नावं असलेले फोल्डर निवडले आणि डिलीट दाबलं. ‘कायमचं डिलीट करायचं का?’ असा प्रश्न आला, तिने ‘येस’ केलं. रीसायकल बिनमध्ये असेल, आणू परत, असं त्यांना वाटत होतं.

नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही. लॅपटॉपच्याही नाही आणि डेस्कटॉपच्याही नाही. त्यातून ती डिस्क एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली चिपवाली, होती. एसएसडीवर डिलीट झालेल्या जागा विंडोज ट्रिम नावाच्या सोयीने मोकळ्या करून टाकतं, त्यामुळे रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला सापडली ती फायलींची काही नावं, आत काहीच नाही. फायलींच्या जुन्या प्रती ठेवणारी विंडोजची ‘फाइल हिस्टरी’ बंद, बॅकअप नाही. अशिलांना पूर्वी ईमेलने पाठवलेल्या फायली एकेक करून उतरवत त्या बाईंनी जमेल तेवढं उभं केलं. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री त्या डोळ्यांत पाणी आणून संगणकासमोर बसल्या होत्या. मुलीचा काही दोष नव्हता. तिला त्या फोल्डरवर फक्त ‘रीड’ दिलं असतं, तर ‘परमिशन नाही’ असं म्हणून विंडोजनेच तिला थांबवलं असतं.

माझी सवय सांगतो. अख्खी ड्राइव्ह मी कधीच शेअर करत नाही. डी ड्राइव्हवर एक नवा फोल्डर करतो आणि घरातल्यांना जे लागतं तेवढंच त्यात ठेवतो. शेअरिंगमधून एव्हरीवन काढून टाकतो आणि तिथे ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ना, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन आलेल्यांना, ‘चेंज’ (वाचणं आणि बदलणं) देतो. खरे हक्क सिक्युरिटी टॅबमध्ये माणसागणिक ठरवतो: ज्याला लिहायचंय त्याला ‘मॉडिफाय’, बाकीच्यांना ‘रीड’. फुल कंट्रोल घरात कुणालाच लागत नाही. त्याने दुसऱ्याला परवानग्याच बदलता येतात, ते कशाला? गोंधळ वाटला, तर सिक्युरिटीच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ नावाचा टॅब आहे. त्यात माणसाचं नाव घातलं की त्याला काय जमेल आणि काय नाही ते समोर येतं. हा टॅब वापरणारा माणूस मला अजून फारसा भेटलेला नाही.

‘डिनाय’च्या रकान्यात टिचकी

‘डिनाय’ (मनाई) ‘अलाव’वर (परवानगीवर) मात करतं. मुलाला अडवायचं म्हणून एव्हरीवनला ‘डिनाय’ केलंत, तर त्या एव्हरीवनमध्ये तुम्हीही येता. हक्क द्यायचा नसेल, तर नाव यादीत घालूच नका.

पिनला पासवर्ड समजणं

हा दुसरा मोठा घोळ, आणि यात लोक तासन्‌तास घालवतात. हल्ली नवा लॅपटॉप घेतला की विंडोज मायक्रोसॉफ्टचं खातं काढायला लावतं आणि चार-सहा आकड्यांचा पिन ठेवून देतं. माणूस रोज पिन टाकून आत जातो. वर्षभराने लॅपटॉपवरून डेस्कटॉप उघडायला गेला, की खिडकी यूजरनेम-पासवर्ड मागते. तो पिन टाकतो. चुकतो. पुन्हा टाकतो.

पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. तिथे मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पूर्ण ईमेल आणि त्याचा खरा पासवर्ड लागतो. लोक यूजरनेम म्हणून सी ड्राइव्हच्या ‘यूजर्स’मधल्या फोल्डरचं नाव टाकतात. ते बऱ्याचदा ईमेलची पहिली पाच अक्षरंच असतं, त्यामुळे नाव अर्धवट दिसतं आणि गोंधळ वाढतो. आणखी एक: ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याने विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. आजोबांना लक्षात राहत नाही म्हणून पासवर्ड काढून टाकला, की त्यांच्या मशीनवर त्या खात्याने बाहेरून जाता येत नाही. हा नियम मुद्दाम केलेला आहे आणि तो बदलायच्या फंदात पडू नका.

त्यात भर पडते ‘रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स’ची, म्हणजे नाव-पासवर्ड लक्षात ठेवायच्या टिचकीची. चुकीचं नाव एकदा साठवलं गेलं, की विंडोज प्रत्येक वेळी न विचारता तेच पुढे करतं. परवानग्या कितीही बदला, समोरच्या मशीनला दिसतो तो जुनाच माणूस. आधीच एका नावाने जोडणी चालू असताना त्याच मशीनला दुसऱ्या नावाने जोडायला गेलात, तर विंडोज तेही नाकारतं. म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडा, ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’मध्ये त्या मशीनच्या नावाची जी नोंद असेल ती काढा, साइन आउट करून परत या. मी हे सगळ्यात आधी करतो. कितीतरी घरांत यापुढे काही करावंच लागलेलं नाही.

कायमचा उपाय म्हणून मी डेस्कटॉपवर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल खातं काढतो, त्याला चांगला पासवर्ड ठेवतो. लॅपटॉपवरून जोडताना डेस्कटॉपचं नाव, उलटी तिरकी रेघ (\) आणि मग खात्याचं नाव, असं पूर्ण लिहितो. कुणी आपल्या ईमेलचा पासवर्ड बदलला, तरी घरातलं शेअरिंग बंद पडत नाही. ज्याला फक्त बघायचंय त्याच्यासाठी आणखी एक खातं, ‘रीड’पुरतं. याला फार वेळ लागत नाही, पण नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो. त्यांना एका क्लिकवर हवं असतं, आणि एका क्लिकवर मिळतो तो वर सांगितलेला एव्हरीवन.

दोन राउटर, दोन वेगळी नेटवर्कं

इंटरनेटवाल्याने दिलेला डबा दाराजवळ असतो. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून लॅमिंग्टन रोडवरून दुसरा राउटर आणून लावलेला असतो. डेस्कटॉप पहिल्यावर, लॅपटॉप दुसऱ्यावर. एकाचा पत्ता १९२.१६८.१ने सुरू होतो, दुसऱ्याचा १९२.१६८.०ने. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. ‘पाथ सापडला नाही’ असं आलं, की मी दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा चालवून पत्त्याचे टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन भाग जुळतात का ते बघतो. जुळत नसतील, तर आतला राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच वायफाय पुढे नेईल. ती सोय नसेल, तर त्याचं डीएचसीपी (मशीनांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरहून वेगळा ठेवा आणि पहिल्याकडून येणारी वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. तसंच, लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवर असेल, तर तो घरातली इतर मशीनं बघू शकत नाही. गेस्ट वायफायचं कामच ते.

एसएमबी १ परत चालू करणं

जुना टीव्ही किंवा राउटरच्या यूएसबीला लावलेली डिस्क दिसत नाही, म्हणून ‘एसएमबी १ चालू करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. एसएमबी म्हणजे विंडोज ज्या पद्धतीने नेटवर्कवर फायली शेअर करतं ती, आणि १ ही तिची सगळ्यात जुनी आवृत्ती. कृपा करून ऐकू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या एसएमबीतल्या भोकातून, आणि मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिलेली होती. जूनमध्ये आलेल्या नॉटपेट्या या व्हायरसनेही पसरायला तेच भोक वापरलं, आणि आपल्या न्हावा शेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. त्याच वर्षाच्या अखेरीपासून मायक्रोसॉफ्टने नव्याने बसवलेल्या विंडोज १०मधून एसएमबी १ काढायला सुरुवात केली, ते उगीच नाही. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती घेतल्यावर पासवर्ड नसलेली नेटवर्कची डिस्क बंद पडली असेल, तर तेही असंच मुद्दाम केलेलं आहे. त्या डिस्कला यूजरनेम-पासवर्ड ठेवा. डबा फारच जुना असेल, तर बदला.

उरलेल्या, थोडक्यात

नेटवर्क ‘पब्लिक’ ठेवून शेअरिंग शोधू नका. घरचं वायफाय ‘प्रायव्हेट’ करा, बाहेर कॅफेत मात्र ‘पब्लिक’च.

फायरवॉल बंद करून बघू नका. बंद केलेली परत चालू करायची आठवण कुणाला राहत नाही.

‘होमग्रुप’ ही विंडोजची जुनी घरगुती शेअरिंगची सोय शोधत बसू नका. विंडोज १०मधून तो २०१८मध्येच काढलाय.

सी ड्राइव्हच्या मुळाशी जाऊन ‘टेक ओनरशिप’ (मालकी स्वतःकडे घेणं) किंवा सगळ्या उपफोल्डरांच्या परवानग्या बदलायची टिचकी कधीही लावू नका. विंडोजच्या स्वतःच्या फायलींच्या परवानग्या विस्कटल्या, की शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागतं.

फाइल कट करून शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाकली आणि तेवढी एकच उघडत नाही? एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल बऱ्याचदा जुन्या जागेच्या परवानग्या घेऊन येते. कॉपी करून टाका, मग मूळ फाइल काढा.

सिक्युरिटी टॅबच दिसत नसेल, तर ती डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा फॅट३२ या फॉरमॅटमध्ये आहे. तिथे फक्त शेअरिंगचा थर असतो, माणसागणिक हक्क हवे असतील तर डिस्क एनटीएफएस फॉरमॅटमध्ये करावी लागेल. फॉरमॅट करण्याआधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या.

डेस्कटॉप झोपलेला असेल, तर शेअरिंगही झोपतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये त्याचा ‘स्लीप’ बंद ठेवा.

सगळं झाल्यावर तपासणी त्याच मशीनवर बसून करू नका. दुसऱ्या लॅपटॉपवर ज्याचं खातं आहे त्यालाच बसवा, त्याला एक नवी फाइल करायला लावा, तिच्यात ओळ घालून सेव्ह करायला लावा आणि मग ती डिलीट करायला सांगा. ज्याला फक्त ‘रीड’ दिलंय, त्याला यातलं काहीच जमता कामा नये.