आईच्या खोलीतली घरघर कशी थांबली

आम्ही इंदिरानगरला वरच्या मजल्यावर राहतो. एप्रिलमध्ये स्लॅब तापतो आणि जानेवारीत निफाडकडची थंडी नाशकातही शिरते. आईला दमा आहे. जुन्या विंडो एसीची घरघर तिला झोपू द्यायची नाही, आणि हिवाळ्यात कॉइलचा हीटर वीज खायचा.

थंड-गरम दोन्ही करणारा इन्व्हर्टर स्प्लिट एसी, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणारा आणि आत-बाहेर दोन भागांचा, घ्यायचं ठरलं. दुकानदार दीड टनाचा आग्रह करत होता. खोली १० बाय ११ची, म्हणून मी १ टनावर ठाम राहिलो. गरजेपेक्षा मोठं यंत्र सारखं बंद-चालू होतं आणि दमटपणा तसाच राहतो. लेबलवरचे तारे गारव्याच्या कामगिरीवरून दिलेले असतात, म्हणून गरम हवेसाठी सीओपी वेगळा विचारा. सीओपी ३ म्हणजे १ युनिट विजेत ३ युनिट उष्णता. कॉइलच्या हीटरला १ युनिटात १च. आवाजाचे डेसिबल सगळ्यात कमी आणि जास्त, दोन्ही वेगांवरचे पाहिले. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

तरी पहिल्याच रात्री गुणगुण! भिंतीला हात लावला तर ती थरथरत होती. बाहेरचं युनिट नेमकं आईच्या उशामागे ठोकलं होतं. ते बाल्कनीत हलवलं, खाली जाड रबरी पॅड टाकले, पाइपाच्या भोकात फोम भरला, गॅस पुन्हा तपासून घेतला.

आता आई विचारते, "चालू आहे का रे?" एसीची जाळी मात्र दर पंधरवड्याला मीच धुतो.