चावी फिरवण्याआधी मशीनखाली बघा
खोदकामाचं एक्स्कॅव्हेटर असो की माती-खडी उचलणारा लोडर, चढण्याआधी मशीनभोवती पूर्ण चक्कर मारा आणि आधी जमीन बघा. रात्रभर उभ्या मशीनखालचा ओला, ताजा डाग गळतीची जागा दाखवतो. होज, म्हणजे दाबाखालचं तेल नेणारे रबरी पाइप, तपासताना मात्र हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. मशीन बंद असलं तरी लाइनमध्ये दाब उरलेला असू शकतो. टाचणीएवढ्या छिद्रातून सुटलेलं हायड्रॉलिक ऑइल हातमोजा भेदून कातडीत शिरतं. वर नुसता ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर तडक हॉस्पिटल गाठा. इंजिन ऑइल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) इंजिन थंड असतानाच बघा. ब्रेक, हॉर्न, आरसे, सीटबेल्टला दोन मिनिटं पुरतात.