कॅटॅलिस्ट नंतर, आधी खिडकीतून बघा

शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी झालेली, सुपरक्रिटिकल फ्लुइडवर (धड वायू नाही, धड द्रव नाही अशा अवस्थेतल्या पदार्थावर) पीएचडी करू म्हणणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "कॅटॅलिस्ट कुठला घ्यायचा?" काम असतं सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड सॉल्व्हंट म्हणून वापरून कीटोनला हायड्रोजन जोडायचं, म्हणजे हायड्रोजनेशनचं. पॅलेडियमसारखा कॅटॅलिस्ट कुठं पळून जात नाही. आधी सेलमध्ये, म्हणजे रिॲक्शनच्या दाबाच्या भांड्यात, फेज (एकमेकांत न मिसळलेले वायू-द्रवाचे थर) किती आहेत ते बघा.

शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा क्रिटिकल पॉइंट, म्हणजे ज्याच्या वर द्रव-वायू हा भेदच उरत नाही तो, ३१ अंश सेल्सिअस आणि साधारण ७४ बार. कोल्हापूरच्या एप्रिलात खोलीच ३१ च्या वर जाते. पंपाला तर कार्बन डायऑक्साइड द्रवच लागतो. मग पंपाचं हेड गार ठेवणारा चिलर जरा जरी ढेपाळला, तरी पंप नुसता खडखडतो, दाब काही चढत नाही.

पण हे आकडे शुद्ध वायूचे. त्यात कीटोन आणि हायड्रोजन घातला की क्रिटिकल पॉइंट सरकतो, आणि रिॲक्शन पुढं जाईल तसा सरकतच राहतो. सुरुवातीला एक फेज असलेलं मिश्रण शेवटी दोन फेजचं झालेलं असू शकतं. नुसत्या कन्व्हर्जनच्या (किती कीटोन बदललं त्याच्या) आकड्यात ते दिसत नाही. दाब, तापमान आणि आकारमान जोडणारं १९७६ चं पेंग-रॉबिन्सन समीकरण फेजचा अंदाज देतं, तरी त्यातला दोन घटकांमधल्या परस्परक्रियेचा गुणांक मोजलेल्या डेटावरच बसवावा लागतो.

म्हणून सॅफायरची खिडकी असलेला सेल. क्रिटिकल पॉइंटच्या वरून सावकाश थंड करत या. स्वच्छ फ्लुइड आधी पिवळट, मग तपकिरी होतं, क्षणभर पार काळवंडतं आणि मधोमध रेघ उमटते. बघायचं ते कॅमेऱ्यातून. डोळा खिडकीसमोर न्यायचाच नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? साध्या सॉल्व्हंटमध्ये हायड्रोजन जेमतेम विरघळतो, इथं पूर्ण मिसळतो. १९९४ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ नोयोरींच्या गटानं रुथेनियम वापरून सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडचंच हायड्रोजनेशन केलं आणि फॉर्मिक ॲसिड मिळवलं. म्हणजे हा सॉल्व्हंट काही गप्प बसणारा नाही! प्रायमरी अमाइनशी (नायट्रोजन असलेल्या एका प्रकारच्या संयुगाशी) त्याचं घन कार्बामेट होतं आणि लाइन तुंबते. हायड्रोजनबरोबर प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड तयार होऊन कॅटॅलिस्टच्या जागा अडवतो.

काम संपल्यावर घरी जायच्या घाईत व्हेंट भसकन उघडू नका. सेल घट्ट बंद ठेवणाऱ्या ओ-रिंगच्या रबरात मुरलेला वायू एकदम फुगतो आणि तिच्यावर पापडासारखे फोड येतात.

स्टँड, ब्रॅकेट, हीटिंग ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून खुशाल करून घ्या, तिथल्या टर्नरचा हात बारीक आहे. दाब सोसणारं भांडं मात्र प्रेशर टेस्टचा दाखला असलेलंच घ्यायचं, ओळखीपाळखीवर नाही.