टोसिल क्लोराइड: शुद्धीकरण आणि अल्कोहोलचे टोसिलेट

पॅरा-टोल्युइनसल्फोनिल क्लोराइड, म्हणजेच टोसिल क्लोराइड, हा सुमारे ६७ ते ६९ अंश सेल्सिअसला वितळणारा पांढरा स्फटिकी पदार्थ आहे. हवेतील आर्द्रतेमुळे त्याचे हळूहळू टोल्युइनसल्फोनिक आम्ल होते. म्हणून जुन्या बाटलीतील माल तपासल्याशिवाय वापरू नये. शुद्धीकरणासाठी तो कमीत कमी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून त्यात साधारण पाचपट पेट्रोलियम ईथर घालावे, अवक्षेपित झालेले आम्ल गाळून टाकावे आणि गाळलेले द्रावण आटवून स्फटिक मिळवावेत. एवढ्या श्रमाचे फळ पुढच्या अभिक्रियेत मिळणाऱ्या उत्पादनाच्या प्रमाणात दिसते.

टोसिलेट, म्हणजे अल्कोहोलच्या ऑक्सिजनवर टोसिल गट बसून झालेले एस्टर, करताना अल्कोहोल कोरड्या क्लोरोफॉर्ममध्ये घेऊन बर्फावर थंड करावा, पिरिडीन (एक सेंद्रिय आम्लारी) मिसळावे आणि मग टोसिल क्लोराइड थोडे थोडे घालावे. अल्कोहोल, पिरिडीन व टोसिल क्लोराइड यांचे १:२:१.५ हे मोल-प्रमाण चांगले ठरते, कारण पिरिडीन फार झाल्यास ते तयार टोसिलेटवरच हल्ला करून पिरिडिनियम क्षार बनवते. मुक्त झालेले क्लोराइडही टोसिलेटमध्ये शिरून अल्किल क्लोराइड देऊ शकते, म्हणून तापमान वाढू देऊ नये.

या अभिक्रियेत कार्बन-ऑक्सिजन बंध तुटत नसल्याने कायरल केंद्राची (चार वेगवेगळे गट जोडलेल्या कार्बनची) अवकाशीय रचना कायम राहते. उलटापालट होते ती पुढच्या एसएन२ पायरीत (नवा गट मागच्या बाजूने येऊन जुन्याला बाहेर काढतो ती अभिक्रिया), जेव्हा अझाइड किंवा सायनाइड टोसिलेटची जागा घेते. संश्लेषणाची आखणी करताना हा भेद सर्वांत मोलाचा आहे. अमिनांपासून याच अभिकर्मकाने सल्फोनामाइड मिळतात. टोसिल क्लोराइडची वाफ डोळ्यांना व त्वचेला दाहक असल्याने सर्व काम धूर-कपाटातच, हातमोजे व चष्मा घालून करावे.