आर्चबिशप आल्फेज यांचे चरित्र कसे अभ्यासावे

इंग्लंडमधील कँटरबरीचे आर्चबिशप (प्रमुख बिशप) आल्फेज १०१२ मध्ये डेन (डॅनिश व्हायकिंग) आक्रमकांच्या कैदेत मारले गेले. त्यांच्या जीवनाचा अभ्यास करताना सुरुवात संतचरित्रापासून करू नये. ओस्बर्न या भिक्षूने लिहिलेले चरित्र भावपूर्ण असले, तरी ते या घटनेनंतर सुमारे सत्तर वर्षांनी रचलेले असल्यामुळे शेवटी वाचावे.

प्रथम अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या इंग्लंडच्या वर्षवार इतिवृत्तातील ९९४, १००६, १०११ आणि १०१२ या वर्षांच्या नोंदी क्रमाने वाचाव्यात. ९९४ ची नोंद सहसा दुर्लक्षिली जाते, पण ती महत्त्वाची आहे: तेव्हा विंचेस्टरचे बिशप असलेले आल्फेज इंग्लंडचा राजा एथेलरेड याच्या वतीने आक्रमकांचा नॉर्वेजियन नेता ओलाफ त्रिग्वासन याच्याकडे गेले होते आणि ओलाफने पुन्हा वैरभावाने इंग्लंडमध्ये न येण्याचे वचन दिले. म्हणजेच आक्रमकांशी बोलणी कशी करावी, हे या धर्मगुरूंना चांगले ठाऊक होते.

सप्टेंबर १०११ मधील कँटरबरीच्या पाडावाची नोंद वाचताना एक पथ्य पाळावे. या काळातल्या नोंदी पराभवाचा शेवट ठाऊक असलेल्या लेखकाने मागाहून लिहिल्या आहेत, त्यामुळे फितुरीचे आरोप तोलूनमापून स्वीकारावेत. तसेच एप्रिल १०१२ मध्ये दिलेली ४८,००० पौंडांची खंडणी आक्रमकांना शांत करण्यासाठी राज्याने दिलेली होती, तर आल्फेज यांच्या सुटकेसाठी वेगळी रक्कम मागितली होती, हा भेद विसरू नये. आपल्यासाठी कोणी काही देऊ नये, असे त्यांनी बजावले. त्यामुळे १९ एप्रिलला ग्रीनिच येथे मद्यधुंद सैनिकांनी त्यांच्यावर हाडे आणि बैलांची मुंडकी फेकली आणि अखेर एकाने कुऱ्हाडीच्या पाठीने डोक्यावर घाव घातला.

यानंतर जर्मन बिशप थिएटमार यांचा वृत्तान्त ताडून पाहावा. ते समकालीन होते, पण त्यांनी आर्चबिशपांचे नाव चुकून डन्स्टन असे दिले आहे. एवढ्यावरून त्यांची साक्ष टाकून देणे मला योग्य वाटत नाही. आपल्या जहाजाखेरीज सर्व काही देऊ करून आक्रमकांचा सेनानायक थोरकेल याने आल्फेज यांना वाचवू पाहिले, असे ते सांगतात; आणि त्याच वर्षी थोरकेल एथेलरेडच्या चाकरीत गेला, हे त्या कथनाशी जुळते.

पुढे कँटरबरीचे नंतरचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांनी, श्रद्धेसाठी नव्हे तर पैसे नाकारल्यामुळे मेलेल्याला हुतात्मा म्हणावे का, अशी शंका घेतली. न्यायासाठी मरणे हे ख्रिस्तासाठीच मरणे होय, असे उत्तर धर्मपंडित अँसेल्म यांनी दिले आणि ते लॅनफ्रँक यांना पटले. लॅनफ्रँक यांच्याच सांगण्यावरून ओस्बर्नने चरित्र लिहिले, हे लक्षात ठेवून मगच ते हाती घ्यावे.