प्रीमियर पद्मिनी गाडीचा क्लच शोधताना जुनी प्लेट सोबत न्या

गायमुखच्या चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी वेग घेत नाहीये, असं झालं तर क्लच घसरतोय; आधी क्लच पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटायला लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल) तपासून घ्या. बऱ्याचदा नुसत्या ॲडजस्टमेंटनेच काम होतं.

क्लच प्लेट खरंच झिजून संपली असेल तर ठाण्यातून कुर्ल्याच्या सीएसटी रोडला स्पेअर पार्टच्या बाजारात जाताना जुनी प्लेट पिशवीत घालूनच निघा. दुकानदाराला 'पद्मिनीची द्या' एवढंच सांगू नका. बाहेरचा व्यास मोजा, मधल्या भोकातले दाते मोजा. एका दात्याचा फरक असला तरी प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढत नाही, आणि ते कळतं गिअरबॉक्स उतरवल्यावर! गिअरबॉक्स आधीच खाली असेल तर नवी प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून बघा. न अडकता गेली पाहिजे.

नवी मिळालीच नाही तर जुनी फेकू नका. हब (मधला दात्यांचा भाग) आणि स्प्रिंग घट्ट असतील तर त्याच प्लेटवर नवं लायनिंग (घर्षणाचा थर) रिव्हेट करून मिळतं. माझ्या मते, हलक्या दर्जाच्या नव्या प्लेटपेक्षा हे कितीतरी चांगलं. मात्र प्लेटवर तेलाचा डाग दिसला तर आधी गळती बंद करा, नाहीतर नवं लायनिंगही घसरेल. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) त्याच वेळी बदलून टाका.