जड फ्लायसाठी स्पे फेक निवडताना

नोकरीनिमित्त सिॲटल परिसरात आलेले आणि फ्लाय फिशिंगकडे (पिसे-दोऱ्याच्या नकली आमिषाने, म्हणजे फ्लायने, करायच्या मासेमारीकडे) वळलेले मराठी मित्र मला पहिल्यांदा विचारतात ते बहुधा रॉड कोणता घ्यावा हे. माझ्या मते त्याआधी ठरवायला हवे ते कोणती फेक, म्हणजे लाइन (गळाची दोरी) पाण्यावर टाकण्याची पद्धत, शिकायची. इथल्या स्कॅजिट नदीत हिवाळ्याच्या अखेरीस येणारा स्टीलहेड (समुद्रातून नदीत परतणारा ट्राउट मासा) थंड पाण्यात तळाजवळ राहतो आणि फ्लाय घ्यायला सहसा वर येत नाही, त्यामुळे फ्लायच त्याच्यापर्यंत न्यावी लागते. त्यासाठी लागणारी सामग्री इतकी जड असते की सगळ्याच फेकी तिला पेलत नाहीत.

स्पे फेकीचा उगम स्कॉटलंडमधल्या स्पे नदीकाठचा, एकोणिसाव्या शतकातला. मागे झाडी किंवा उंच दरड असल्यामुळे लाइन पाठीमागे सरळ उडवता येत नसे. म्हणून तिचे टोक पाण्यावर टेकवून, बाजूला इंग्रजी डी अक्षरासारखा फुगवटा करून ती पुढे सोडण्याची पद्धत रूढ झाली. पाण्याला टेकलेल्या या टोकाला अँकर म्हणतात, फुगवट्याला डी-लूप. पुढे 1990 च्या दशकात स्कॅजिट आणि आसपासच्या नद्यांवरच्या मासेमारांनी याच तत्त्वावर आखूड आणि जड हेड, म्हणजे लाइनचा पुढचा वजनदार भाग, तयार केले. दोन्ही हातांनी धरायच्या तेरा फुटी, आठ वजनाच्या (हा रॉडला साजेशा लाइनच्या वजनाचा क्रमांक) रॉडवर असे हेड साधारण 20 ते 25 फूट लांब आणि 550 ते 600 ग्रेन, म्हणजे सुमारे 36 ते 39 ग्रॅम वजनाचे असते. त्याच्या पुढे बुडणारी टिप, म्हणजे लाइनचा जड तुकडा, जोडतात. टी-14 जातीच्या टिपेचे वजन फुटाला 14 ग्रेन असते, म्हणजे दहा फुटी तुकड्याचे 140 ग्रेन झाले. शेवटी तीन-चार फुटांचा लीडर (फ्लाय बांधायचा बारीक धागा) आणि धातूचे डोळे बांधलेली मोठी फ्लाय.

आता फेकींचे दोन गट लक्षात घ्यावेत. सिंगल स्पे आणि स्नेक रोल यांत अँकर पाण्याला क्षणभर स्पर्श करतो आणि लगेच पुढची फेक सुरू होते. लांब, हलक्या हेडवर आणि छोट्या फ्लायवर या फेकी फार सुंदर चालतात. पण बुडलेली टिप आणि जड फ्लाय उचलून त्या नेमक्या क्षणी नेमक्या जागी टेकवणे नवशिक्याला जवळजवळ अशक्य असते. फ्लाय आपल्या वजनानेच भरकटते आणि डी-लूप वाकडा होतो. दुसऱ्या गटात डबल स्पे, स्नॅप-टी आणि पेरी पोक येतात. यांत अँकर पाण्यावर थोडा वेळ राहतो आणि पाण्याची त्याच्यावरची पकडच रॉड वाकवते. जड सामग्रीसाठी दुसराच गट निवडावा असे माझे ठाम मत आहे.

त्यातही सुरुवात डबल स्पेने करावी. पाणी डावीकडून उजवीकडे वाहत आहे, रॉडच्या मुठीवर तुमचा उजवा हात वर आहे आणि लाइन खाली प्रवाहात ताणलेली आहे असे धरा. आधी लाइन इतकी आत ओढून घ्यावी की हेडचे मागचे टोक रॉडच्या टोकाच्या एक-दोन फूट बाहेर राहील. मग रॉड सावकाश उचलावा. टिप खोल असेल तर एक रोल कास्ट (लाइन मागे न उडवता पुढे उलगडणारी साधी फेक) टाकून ती पृष्ठभागावर आणावी, कारण बुडालेल्या टिपेवर कोणतीच फेक नीट होत नाही. त्यानंतर रॉड शरीरासमोरून वरच्या प्रवाहाकडे नेऊन खाली ठेवावा. फ्लाय मात्र तुमच्या खालच्या प्रवाहाच्या बाजूला, साधारण एका रॉडच्या अंतरावर राहायला हवी. आता रॉडचे टोक किंचित चढवत परत उजवीकडे वळवले की लाइन पाण्यातून सोलल्यासारखी निघते आणि पांढऱ्या तुषारांची रेघ उमटते. ती रेघ फ्लायच्या दिशेने सरकताना दिसली पाहिजे. न थांबता रॉड गोलाकार वर आणावा आणि पुढे सोडावा. मध्ये रेंगाळू नये, कारण टी-14 सेकंदाला साधारण सात ते नऊ इंच बुडते आणि अँकर घट्ट रुतून बसतो.

बाजू निवडण्याचा नियम वारा ठरवतो आणि तो सुरक्षिततेचा नियम आहे. वारा प्रवाहाच्या दिशेने वाहत असेल तर अँकर खालच्या बाजूला हवा, म्हणून डबल स्पे. वारा प्रवाहाविरुद्ध येत असेल तर अँकर वरच्या बाजूला हवा, म्हणून स्नॅप-टी. अन्यथा वजनदार गळ थेट तुमच्या अंगावर येतो. स्नॅप-टीमध्ये रॉड उचलून एकदम खाली झटकायचा असतो. धातूचे डोळे असलेली फ्लाय त्या झटक्याने डोक्याजवळून वेगाने जाते, म्हणून मी झटक्याऐवजी रॉडच्या टोकाने रुंद, गोल वळण घेण्याचा सल्ला देतो. टोपी आणि चष्मा याला पर्याय नाही. पेरी पोकमध्ये लाइन आधी समोर ढिगासारखी टाकून मग डी-लूप करतात. मागे जागा अगदीच कमी असेल किंवा अँकर चुकीच्या जागी पडला असेल तेव्हा ती उपयोगी पडते, पण ती नंतर शिकली तरी चालते.

ताकदीबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. क्रिकेट खेळलेला माणूस वरच्या हाताने ड्राइव्ह मारावा तसा रॉडही वरच्या हाताने पुढे ढकलतो, आणि लूप, म्हणजे हवेत पुढे जाणाऱ्या लाइनचा वळसा, उघडा पडतो. इथे वरचा हात मुख्यतः टेकू असतो. काम खालच्या हाताने करायचे, रॉडचा बुंधा छातीकडे ओढून. ओढ सावकाश सुरू होऊन वाढत जावी आणि एकदम थांबावी. जड हेडला वेग कमी आणि ताण अखंड लागतो.

सराव गवतावर करून फारसा उपयोग नाही. पाण्याची पकड हाच या फेकीचा आधार असल्यामुळे संथ, गुडघाभर पाणी शोधावे. पहिल्यांदा गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून डबल स्पे पक्का करावा, मग हलकी टिप जोडावी, मग विनाकाट्याच्या गळाची साधी फ्लाय. टी-14 आणि डोळ्यांची मोठी फ्लाय त्यानंतरच बांधावी.